फोनमध्ये जागा करायचीय? काहीही डिलीट करण्याआधी हे वाचा

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यासमोर उभं राहायला जागा मिळणं हेच मोठं भाग्य. त्या वर्षी ती मिळाली होती. नंदीध्वजांच्या सातही काठ्या डोळ्यांसमोर, बाराबंदीतली मंडळी, 'सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्' ऐकू यायला लागलं. मी फोन वर धरला आणि अकरा सेकंदांत रेकॉर्डिंग बंद पडलं. स्क्रीनवर पाटी आली, स्टोरेज फुल्ल.

व्हिडिओ हुकला याचं फार वाटलं नाही. खरं नुकसान मी पुढच्या पाच मिनिटांत केलं. गर्दीतच फाइल मॅनेजर उघडला आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये शिरले. तिथे '२०२१४५', '२०२१४६' अशी नुसत्या आकड्यांची नावं असलेले ढीगभर फोल्डर दिसले. कचरा असेल म्हणून सगळे सिलेक्ट केले आणि उडवले. घरी आल्यावर कळलं की ते व्हॉइस मेसेजचे फोल्डर होते. आकडे म्हणजे वर्ष आणि त्या वर्षाचा कितवा आठवडा. माझ्या आईने शेंगा चटणीचं प्रमाण, भाजणं, कुटणं सगळं तिच्या आवाजात सांगून ठेवलं होतं, ते मेसेज त्यात होते. आई तोवर गेलेली होती. चॅटमध्ये ते मेसेज आजही दिसतात. बाण दाबला की फाइल सापडत नाही असं येतं.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकून घेतला. मी घरून शेंगा चटणी आणि कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. ऑर्डर, पत्ता, पैसे आल्याचा स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती, सगळं फोनवर. त्यामुळे माझा फोन इतरांपेक्षा लवकर भरतो. आता आमच्या जुळे सोलापुरातल्या शेजारणीसुद्धा फोन भरला की माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी जे करते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. मेनूची नावं अँड्रॉइड फोनची आहेत. कंपनीनुसार शब्द थोडे इकडेतिकडे होतील. आयफोनला जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

बसण्याआधी हे जवळ ठेवा

- चार्जर आणि घरातलं वाय-फाय. बॅकअपला मोबाइल डेटा पुरत नाही.
- गुगल खात्याचा पासवर्ड. बहुतेकांना तो आठवत नसतो, म्हणून आधी शोधून ठेवा.
- ओटीजी पेनड्राइव्ह, म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या पिनमध्ये बसणारा. ६४ किंवा १२८ जीबीचा पुरतो.
- कागद आणि पेन. हसू नका, आकडे लिहून ठेवल्याशिवाय किती जागा झाली ते कळत नाही.
- सलग दीड-दोन तास. दुपारी अजिबात नको. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. चार्जिंगला लावलेला फोन बॅकअप घेताना आणखी तापतो, आणि तापला की मंदावतो. मी हे काम रात्री जेवणं झाल्यावर करते.

१. आत्ता, या क्षणी जागा हवी असेल तर

लग्नात, यात्रेत, रेल्वे फलाटावर अडकला असाल तर फक्त या चार गोष्टी करा. यातून आठवणीचं काही जात नाही.

यूट्यूब आणि सिनेमा-मालिकांच्या ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलेले व्हिडिओ काढा. ते पुन्हा मिळतात. मग गुगल मॅप्समधले ऑफलाइन नकाशे काढा. मग इन्स्टाग्राम, फेसबुक, क्रोम यांची कॅश साफ करा: सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, स्टोरेज, 'क्लिअर कॅश'. शेवटी गॅलरीतला ट्रॅश उघडा, त्यात नको असलेलंच आहे याची खात्री करा आणि रिकामा करा. डिलीट केलेले फोटो साधारण ३० दिवस तिथेच पडून असतात आणि तेवढी जागा अडवून बसतात. आयफोनमध्ये त्याला 'रिसेंटली डिलीटेड' म्हणतात, तिथेही ३० दिवसच.

'क्लिअर कॅश'च्या शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असं दुसरं बटण असतं. त्याला हात लावू नका. कॅश म्हणजे ॲपने सोयीसाठी साठवलेला तात्पुरता माल. डेटा म्हणजे तुमचं लॉगिन, सेटिंग, चॅट, सगळं. दोन्ही बटणं एकमेकांना चिकटून आहेत, गर्दीत बोट चुकतं.

बाकी सगळं घरी येऊन करा. माझ्याकडून झालं ते गर्दीत घाई केल्यामुळेच.

२. आधी मोजा

सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'स्टोरेज' लिहा आणि ते पान उघडा. फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, ॲप्स, सिस्टिम असा हिशोब दिसेल. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज. ते पान भरायला मिनिटभर लागतं, थांबा. प्रत्येक आकडा कागदावर उतरवा.

६४ जीबीचा फोन घेतला आणि एवढे कुठे दिसतच नाहीत, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. कुणी फसवलेलं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. काही फोन १०२४ च्या पटीने मोजतात, त्या हिशोबाने ६४ चे साधारण ५९.६ होतात. वर फोनची स्वतःची सिस्टिम काही जीबी खाते. 'सिस्टिम' नावाच्या त्या भागातून काही काढता येत नाही, तिथे वेळ घालवू नका.

शेजारच्या काकूंच्या ६४ जीबी फोनचा कागद माझ्याकडे अजून आहे. त्यांना वाटत होतं फोटोंनी फोन भरला. कॅमेऱ्याचे फोटो निघाले जेमतेम ४ जीबी. व्हॉट्सॲप २३ जीबी. कॉल रेकॉर्डिंग ४ जीबी. कधीही न उघडलेले गेम आणि ॲप ६ जीबी. त्या मात्र आठवडाभर नातवाचे फोटो एकेक करून डिलीट करत होत्या. मोजल्याशिवाय काढायला बसलं की माणूस नेमकं हवं तेच काढतो.

३. जे गेलं तर परत मिळणार नाही, ते दोन ठिकाणी ठेवा

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. गाळू नका, बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल.

*व्हॉइस मेसेज.* घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आधी वाचवा. चॅटमध्ये मेसेज दाबून धरा, शेअर करा आणि गुगल ड्राइव्हमध्ये टाका. तिथे लगेच नाव बदला: 'आई, चटणीचं प्रमाण', 'आजोबा, वाढदिवस'. नाव दिलं नाही तर वर्षभराने शंभर फाइलींतून तो आवाज सापडत नाही. माझ्या आईचा एकच मेसेज वाचला, कारण तिने तो अक्कलकोटच्या मावशीलाही पाठवला होता. "तेल सुटेपर्यंत कुट, मिक्सरला लावू नको," एवढा तेरा सेकंदांचा. तो आता ड्राइव्हवर आहे, पेनड्राइव्हवर आहे आणि बहिणीकडेही आहे. तुमचा एखादा मेसेज असाच गेला असेल तर ज्याने पाठवला आणि ज्यांना-ज्यांना पाठवला त्या सगळ्यांच्या फोनमध्ये आधी शोधा.

*फोटो.* गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल तर कॅमेऱ्याचे फोटो वर जातात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आपोआप जात नाहीत. त्यासाठी फोटोजच्या सेटिंगमध्ये 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स' उघडून व्हॉट्सॲपचे फोल्डर स्वतः चालू करावे लागतात. लग्नाचे निम्मे फोटो पाहुण्यांनी व्हॉट्सॲपवरच पाठवलेले असतात. 'माझा बॅकअप चालू आहे' म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे हेच फोटो जातात.

आणि गुगलची जागा अमर्याद नाही. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो फुकट ठेवता यायचे, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी फुकट. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच १५ जीबीत मोजला जातो. ते भरले की बॅकअप थांबतो. फोन त्याची सूचना देतो, पण ती कुणी वाचत नाही. म्हणून खात्याची जागा आणि बॅकअपची शेवटची तारीख दोन्ही डोळ्यांनी बघा. आणखी एक: दोन वर्षं अजिबात न वापरलेलं गुगल खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकलं जाऊ शकतं. घरात कुणाचं जुनं खातं पडून असेल तर अधूनमधून त्यात लॉगिन करा.

*पेनड्राइव्ह.* मला सगळ्यात भरवशाचं हेच वाटतं. लावला की फाइल मॅनेजरमध्ये यूएसबी दिसतो. फोल्डर निवडून 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. मूव्ह करताना मध्येच पेनड्राइव्ह हलला तर अर्धवट फाइल दोन्हीकडची जाते. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला लावून पाच-दहा फाइली उघडून बघा. उघडल्या, मगच फोनमधल्या काढा. पेनड्राइव्ह उपसण्याआधी 'इजेक्ट' दाबायला विसरू नका. एखादा मोठा व्हिडिओ कॉपीच होत नसेल तर पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. रिकामा असताना तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

४. व्हॉट्सॲप: निम्मं काम इथेच होतं

व्हॉट्सॲप उघडा. सेटिंग्ज, 'स्टोरेज अँड डेटा', 'मॅनेज स्टोरेज'. फाइल मॅनेजरमधून जाऊ नका, इथूनच काढा. इथे प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते, कुठल्या चॅटमधली आहे ते कळतं.

वर दोन कप्पे दिसतील. 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' म्हणजे पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलेला माल. सुप्रभात, सणांच्या शुभेच्छा, कसले कसले उपाय सांगणारे व्हिडिओ. हा कप्पा डोळ्यांखालून घालून बहुतेक सगळा काढता येतो. दुसरा कप्पा ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा. याला जपून हात लावा. इथे फालतू व्हिडिओंच्या मध्येच तुमच्या मुलाच्या गॅदरिंगचा नाच असतो. त्यात 'सिलेक्ट ऑल' कधीही करायचं नाही.

त्याखाली चॅटची यादी येते, सगळ्यात जास्त जागा खाणारा वर. बहुतेकांच्या फोनमध्ये पहिले चार-पाच ग्रुप मिळून निम्मी जागा खातात. काकूंच्या फोनमध्ये एका भिशीच्या ग्रुपने ५ जीबी आणि सोसायटीच्या ग्रुपने ३ जीबी घेतले होते. त्या दोन ग्रुपमध्ये ठेवण्यासारखे फोटो निघाले चाळीस. ते वेगळे केले आणि बाकी सगळं काढलं. वेळ लागला वीस मिनिटं, जागा झाली साडेसात जीबी.

'क्लिअर चॅट' करायचं असेल तर जपून ठेवायच्या मेसेजला आधी स्टार लावा, आणि क्लिअर करताना येणाऱ्या चौकटीत स्टार केलेले मेसेजही काढायचे का असं विचारलेलं असतं, तिथली खूण काढून टाका.

आता सेंट फोल्डर. गॅलरीतला फोटो तुम्ही कुणाला पाठवला की व्हॉट्सॲप त्याची आणखी एक प्रत 'सेंट' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. हे फोल्डर गॅलरीत दिसत नाही. माझ्यासारखं रोज वीस गिऱ्हाइकांना चटणीच्या पाकिटांचे तेच फोटो पाठवणाऱ्यांचं हे फोल्डर गुपचूप फुगत जातं. फाइल मॅनेजरमध्ये फक्त याच कामासाठी जायचं: अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सॲपचं फोल्डर, त्यात मीडिया, मग इमेजेस आणि व्हिडिओ यांच्या आत 'सेंट'. मूळ फोटो गॅलरीत किंवा बॅकअपमध्ये असेल तर सेंटमधले काढता येतात. काढल्यावर चॅटमधला तुम्ही पाठवलेला फोटो मात्र धूसर दिसेल, हे लक्षात ठेवा. व्यवहाराचा पुरावा म्हणून पाठवलेलं काही असेल तर आधी वेगळं काढा.

त्याच ठिकाणी शेजारी व्हॉइस नोट्सचं फोल्डर आहे, आत आकड्यांची नावं. काय होतं ते वर सांगितलंच आहे. 'डेटाबेसेस' फोल्डरलाही हात लावू नका, त्यात चॅटचा फोनमधला बॅकअप असतो.

साफ झालं की नळ बंद करा. 'स्टोरेज अँड डेटा'मध्येच 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय, रोमिंग, तिन्ही ठिकाणी व्हिडिओ आणि डॉक्युमेंटवरची खूण काढा. फोटोंची ठेवली तरी चालेल. 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की जागा वाचते असं बरेच जण सांगतात, ते खरं नाही. त्याने फोटो गॅलरीत दिसायचे थांबतात, फोनमध्ये मात्र येतच राहतात. फालतू ग्रुपमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस' ९० दिवसांवर लावून ठेवा. पण घरच्यांच्या चॅटला ते लावू नका.

टेलिग्राम वापरत असाल तर तिथलं काम सोपं आहे. सेटिंग्ज, 'डेटा अँड स्टोरेज', 'स्टोरेज युसेज', कॅश साफ. फाइली टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात, हव्या तेव्हा परत उघडतात. सिनेमे उतरवणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये इथून दहा-बारा जीबी निघालेले मी पाहिलेत.

५. कॉल रेकॉर्डिंग

याची आठवण कुणालाच नसते. बऱ्याच फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचं सेटिंग कधीतरी चालू केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं फाइली साचतात. डायलरच्या सेटिंगमध्ये 'कॉल रेकॉर्डिंग' शोधा, आपोआप होणारं बंद करा. मग फाइल मॅनेजरमध्ये 'रेकॉर्डिंग्ज' किंवा 'कॉल' नावाचं फोल्डर उघडा.

सरसकट उडवू नका. फाइलीच्या नावात बहुधा माणसाचं नाव किंवा नंबर असतो. नावाने शोधा. आई, वडील, जे आता नाहीत त्यांची नावं आधी टाका. काकूंच्या फोनमध्ये साडेतीन हजार फाइली होत्या, सगळ्या गॅस, दूध, कुरिअर, बँकेचे फोन. त्यात त्यांच्या थोरल्या भावाचे सहा कॉल निघाले. दादा दोन वर्षांपूर्वी वारले होते. पहिली फाइल लावली तर ते फक्त एवढंच विचारत होते की हुरड्याला कधी येताय. काकू किती तरी वेळ फोन कानाला लावून बसल्या. साफसफाई त्या रात्री तिथेच थांबवली, उरलेली दुसऱ्या दिवशी केली.

६. फोटो आणि व्हिडिओ

व्हिडिओपासून सुरुवात करा, फोटोंपासून नको. गुगलच्या 'फाइल्स' ॲपमध्ये मोठ्या फाइली, एकसारख्या फाइली आणि जुने स्क्रीनशॉट वेगळे दाखवतात. पन्नास मोठे व्हिडिओ तपासून जे मिळतं ते हजार फोटो तपासून मिळत नाही.

आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच हिशोब लिहिलेला आहे. १०८०पी, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण ६० एमबी, फोर-के ३० ला १७०, फोर-के ६० ला ४००. म्हणजे काठ्यांच्या मिरवणुकीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ एका सेटिंगमध्ये सव्वा जीबी आणि दुसऱ्यात ८ जीबी. अँड्रॉइडचे आकडे वेगळे असतील, फरक मात्र असाच मोठा. फोनवर आणि घरच्या टीव्हीवर बघायचं असेल तर १०८०पी भरपूर झालं. कॅमेऱ्यातला 'मोशन फोटो' किंवा 'लाइव्ह फोटो' चालू असेल तर तोही बंद करा, प्रत्येक फोटोसोबत छोटा व्हिडिओ साठत असतो.

गुगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचं बटण आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं, वरचे ठेवतं. हे बटण चांगलं आहे. पण फोटोजमध्येच फोटो निवडून कचऱ्याच्या डब्यात टाकलात तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. या एका गैरसमजापायी मी दोन घरांतले बारशाचे फोटो गेलेले पाहिले. चुकून झालंच तर फोटोजचा ट्रॅश लगेच उघडा. बॅकअप झालेला फोटो तिथे ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस.

स्क्रीनशॉट एकदा चाळून घ्या. यूपीआयच्या पैसे आल्याच्या स्क्रीनशॉटची गरज नाही, ॲपच्या इतिहासात आणि बँकेच्या खातेउताऱ्यात तो व्यवहार असतो.

७. ॲप्स

तीन महिन्यांत न उघडलेलं ॲप काढा. प्ले स्टोअरमध्ये न वापरलेली ॲप आपोआप 'अर्काइव्ह' करण्याची सोय आहे, त्यात ॲप जातं पण तुमचा डेटा राहतो. आयफोनमध्ये 'ऑफलोड ॲप' हेच करतं.

बँक आणि यूपीआयची ॲप मात्र सुटसुटीतपणासाठी काढू नका. पुन्हा टाकताना सिमवरून मेसेज जाऊन नोंदणी परत करावी लागते, आणि ती नेमकी दुकानात पैसे देताना आठवते. ओटीपीसारखे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप असेल तर त्यातले कोड दुसरीकडे घेतल्याशिवाय अजिबात काढू नका.

८. न दिसणारे कोपरे

सेटिंग्जमध्ये 'रॅम' असं शोधा. 'रॅम प्लस', 'एक्सटेंडेड रॅम', 'मेमरी एक्सटेन्शन' असं काही चालू दिसेल. रॅम म्हणजे ॲप चालू असताना फोनला लागणारी तात्पुरती मेमरी, आणि ही जास्तीची रॅम म्हणजे तुमच्याच स्टोरेजमधून कापून घेतलेले काही जीबी असतात. फोनची मूळ रॅम ६ किंवा ८ जीबी असेल तर मी ती सरळ बंद करते. फोन एकदा बंद-चालू झाला की जागा परत मिळते. रॅम ३-४ जीबीच असेल तर बंद केल्यावर मागची ॲप लवकर मिटतील, त्रास वाटला तर पुन्हा चालू करा.

'ड्युअल ॲप' वापरत असाल तर दुसऱ्या व्हॉट्सॲपचंही वेगळं गोदाम असतं. चौथी पायरी तिथेही करावी लागेल.

शेवटी फाइल मॅनेजरचा स्वतःचा ट्रॅश. गॅलरीचा वेगळा, याचा वेगळा. दोन दिवस थांबा, काही चुकून गेलं नाही ना बघा, मग रिकामा करा.

९. मेमरी कार्ड घ्यायचं असेल तर

आधी तुमच्या फोनला खाच आहे का बघा, नव्या बऱ्याच फोनना नसते. रस्त्यावर चारपाचशेला १ टीबी म्हणून मिळणारं कार्ड घेऊ नका. अशी कार्डं आकडा मोठा दाखवतात आणि खऱ्या क्षमतेपुढे गेलं की जुन्या फाइली खराब करतात. पक्क्या बिलावर घ्या. फोनने विचारलं तर 'पोर्टेबल' निवडा. 'इंटर्नल' निवडलं की कार्ड त्या एका फोनशी बांधलं जातं आणि फोन बिघडला की कार्डातलंही वाचता येत नाही.

१०. क्लीनर ॲप आणि लिंक

'एका क्लिकमध्ये फोन साफ' म्हणणारी ॲप टाकू नका. ती कॅश साफ करतात, जी तुम्हीही करू शकता, आणि बदल्यात जाहिराती दाखवतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल, तर कुणीही पाठवलेली असो, लग्नपत्रिका म्हणून असो की वाहनाचं चलन म्हणून, उघडू नका. अशा फाइलींतून मेसेज वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. उघडली गेलीच असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा.

११. दुकानात जायची वेळ आलीच तर

सगळं करूनही जमलं नाही आणि नवी पेठेत फोन घेऊन जावंच लागलं, तर तिसरी पायरी घरी पूर्ण करूनच जा. फोन ठेवून चहाला जाऊ नका, समोर बसा. पिन सांगू नका, लागेल तेव्हा स्वतः टाका. 'रिसेट मारू का?' असं विचारलं की नाही म्हणा. रिसेट म्हणजे फोन कोरा करणं, आणि गर्दीच्या वेळी दुकानदाराला तोच सगळ्यात सोपा उपाय असतो. काय काढणार ते आधी तोंडी विचारा, प्रत्येक फोल्डर उघडून दाखवायला सांगा. आणि स्क्रीनवर आकड्यांची नावं असलेले फोल्डर आले तर त्याचा हात थांबवा.